वास्त्यांचं पाणी कोणी पाहिलं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे वास्ते सोलणं. वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. मध्य प्रदेशात, आमच्या बालाघाटच्या बाजारात त्यांना करील म्हणतात, पावसाळ्यात परसवाड्याकडच्या बाया टोपल्या भरून आणतात. मी वरची साल काढत होतो, बायको विळीवर पातळ चकत्या कापत होती. सालीची कुसं माझ्या बोटांत घुसली तशी ती म्हणाली, "कचेरीत जिंदगीभर नुसत्या फायली उचलल्या, म्हणून हात असे नरम राह्यले." मी कोर्टात चपराशी होतो. दारात उभं राहून साक्षीदारांना हाका मारायचो. तिच्या लेखी ते काही काम नव्हतं.

नात समोर मोबाइल घेऊन बसली होती. ती कॉलेजात झाडापानांचं शिकते. इंटरनेटवर एक मराठी ज्ञानकोश आहे, त्यात कोणीही लिहू शकतं म्हणे, आणि हिला त्याचा नाद लागला होता. तरोटा, मोह, टेंभरं, आपल्या भागात जे उगवतं त्याच्यावर ती लिहायची. शाळा हिंदीत झाली, त्यामुळे तिचं मराठी अडखळतं, तरी लिहायची. त्या दिवशी तिने आजीला विचारलं, वास्त्यांचा कडूपणा कसा काढते.

बायकोने सांगितलं, चकत्या भिजत घालायच्या, ते पाणी फेकायचं, असं तीन पाणी झाल्याशिवाय चुलीवर ठेवायचं नाही, नाहीतर पोट बिघडतं. मग तिचं तिलाच हसू आलं.

"हे का पुस्तकात लिहाची गोष्ट हाये? कोणाले माईत नाई?"

"पुण्या-मुंबईच्या लोकायले नाई माईत, आजी."

"मंग त्यायले जेवाले बोलाव."

नातीने कापणाऱ्या हातांचा फोटो काढला. माझाही हात फोटोत येत होता, बायकोने तो कोपराने बाजूला सारला.

आठ दिवसांनी बायको गेली. सकाळी छातीत दुखतं म्हणाली. ऑटो दारात आला तोवर सगळं आटोपलं होतं. याच्यापुढे त्याबद्दल मला काही लिहायचं नाही.

तेरवी झाली, पाहुणे गेले, तेव्हा नातीने तिचा वास्त्यांवरचा लेख उघडून दाखवला. आजीची तीन वाक्यं होती, तिन्ही कोणीतरी काढून टाकली होती. कारण दिलं होतं, संदर्भ नाही. फोटो मात्र ठेवला होता आणि खाली लिहिलं होतं, बांबूचे कोंब कापणारी ग्रामीण महिला.

माझं डोकंच फिरलं. ग्रामीण? ती याच गावात जन्मली, नगरपालिकेच्या नळाचं पाणी पिऊन वाढली. हात तेवढा पाहिजे तुम्हाला, आणि त्या हाताची बाई बोलली तर पुरावा दाखव म्हणता. घरी आला असता तर त्या माणसाला पाट टाकून वाढलं असतं तिने, आणि तो तिलाच विचारतो, कशावरून?

नातीने समजावलं. म्हणाली, तो कोणी पगारी माणूस नाही, नियमच तसा आहे, छापलेल्या पुस्तकात असेल तरच चालतं. मी विचारलं, त्या पुस्तकवाल्याला कोणी सांगितलं? कोणाच्या तरी आजीनेच ना?

मला सातवीपर्यंतच शाळा, पण कागद कसा पक्का होतो ते मी उभ्या जन्मात पाहिलंय. दुसऱ्याच दिवशी स्टॅम्प पेपर घेऊन कोर्टाबाहेरच्या नोटरीकडे गेलो. त्याला म्हटलं, लिहा, वास्त्यांना तीन पाणी लागतात, खाली शिक्का मारा. शिक्का पाहून तरी त्या संपादकाचं तोंड बंद होईल असं मला वाटत होतं. नोटरी ओळखीचा. हसला नाही बिचारा, फक्त विचारलं, "बाबूजी, ये आपने अपनी आँख से देखा है?"

मी म्हटलं, बायकोने सांगितलंय. त्याने पेन खाली ठेवला.

त्याला बोलायची गरजच नव्हती. ऐकीव गोष्टीची साक्ष होत नाही, हे मी जजसाहेबांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल. लांजीकडची एक म्हातारी आली होती एकदा. शेताचा बांध कुठे होता हे तिला सासऱ्याने सांगितलं होतं. तेवढ्यावर तिला उठवलं. मीच दार उघडलं आणि वर तिला म्हटलं, चल माय, बस निघून जाईल. ती दुपारपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिली होती. कोरा स्टॅम्प पेपर खिशात घालून घरी येताना तीच डोळ्यांपुढे होती, आणि राग आता कोणावर काढावा ते कळेना.

संध्याकाळी नात म्हणाली, ती आता लिहिणं सोडून देणार. मराठीच्या चुका लोक काढतात ते एक, पण तिच्या मनात वेगळंच होतं.

"आबाजी, मले वाटते त्यायचंच बरोबर हाये. शेजारच्या काकू म्हणतात, दोन पाणी आन् मीठ. आजीचं चुकलं असन तं? माह्यं लिहिलेलं वाचून कोणी खाल्लं आन् त्याले त्रास झाला तं?"

"तुही आजी चुकली?" मी असा ओरडलो की अंगणातलं कुत्रं उठून गेलं.

पोरगी घाबरली नाही. तिने हळूच विचारलं, "तुमी कधी फेकलं का ते पाणी? एकदा तरी?"

सत्तेचाळीस वर्षं मी ती भाजी खाल्ली. मीठ कमी आहे हे सांगायला तोंड होतं. पाणी ती केव्हा फेकायची, किती वेळ भिजवायची, काही बघितलं नाही मी. साल काढायलाही त्या दिवशीच बसलो होतो, तेही रिटायर होऊन घरात दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून. घरातला एकुलता एक साक्षीदार, आणि मला काही माहीत नाही.

सकाळी उठलो आणि पायीच बाजारात गेलो. वास्ते संपत आले होते, एका बाईकडे उरलेसुरले होते, ते घेतले. घरी येऊन सोलले. कुसं टोचली. विळीवर बसलो तर मांडी घालता येईना, कशीबशी बसकण मारली. चकत्या जाडजूड झाल्या. एक तुकडा जिभेला लावून थुंकला. मग तिच्या पितळी गंजात, ज्या पातेल्यात ती नेहमी भिजवायची त्यात, चकत्या बुडतील एवढं पाणी ओतलं आणि नातीला हाक मारली. कोर्टात मारायचो तशीच निघाली.

ती डोळे चोळत आली. म्हटलं, "वही आन. घड्याळ पाह्य. आता मी सोता पाहून राह्यलो. लिही, पह्यलं पाणी घातलं. आन् लिही, कच्चा तुकडा जहर कडू."

ती लिहायला बसली. मी गंजाजवळ पाट ओढला आणि पाण्याकडे बघत बसलो.