दाराला पालथं सूप

पोशेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या उतारावरच्या त्या पाड्यावर मी दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी अकरा घरांपैकी दहांना कुलूप होतं.

सोबत एका संस्थेच्या ताई होत्या. ज्या घरात मुलाला मारहाणीचा धोका आहे, तिथे त्या दर आठवड्याला जाऊन बसत. या पाड्यावर त्यांचं एकच घर होतं: आई आणि सहा वर्षांची मुलगी. पावसाळ्यात मुलीच्या दंडावर तापल्या उलथन्याचा डाग दिसला होता. मुलीला तिथून हलवायचं की आईपाशीच ठेवून घर सावरायचं, यावर बैठक झाली. घर सावरायचं ठरलं.

ताईंनी आईला एक खूण घालून दिली. राग चढू लागला की दाराला सूप पालथं टांगायचं. ते बघून समोरची बाई मुलीला घेऊन जाईल. राग उतरला की सूप आईनेच काढायचं. पहिल्या भेटीत हे माझ्यासमोर घडलं. समोरची बाई आली, म्हणाली, "चल गं बाय, तुझ्या आयशीचं डोकं तापलंय, त्यावर भाकर भाजू." मुलगी "मावशी, मावशी" करत, हसत तिच्यामागे गेली.

दुसऱ्या भेटीच्या वेळी भात झोडून झालं होतं आणि पाडा वीटभट्टीवर गेला होता. भट्टीवाला जोडपी घेतो. या बाईला नवरा नव्हता, म्हणून ती मागे राहिली.

भर दुपार होती. कुत्रंही भुंकलं नाही. "तुम्ही येणार कळलं, पळाले सगळे," ताई मला म्हणाल्या. मग त्यांनी आईच्या घराकडे बोट केलं. दाराला पालथं सूप होतं. दार आतून बंद. ताईंनी दोनदा हाक मारली.

मागून मुलीचा आवाज आला. समोरच्या कुलूपबंद घराच्या ओट्यावर ती दाराला पाठ लावून बसली होती.

"मावशी, भाकर जळते बघ." ती थांबली, मान हलवली, हसली.

"कुठाय गं मावशी?" ताईंनी विचारलं.

"आत."

"कुलूप आहे ना, बाय."

"आत हाय. तुमच्याशी नाय बोलायची."

ताईंनी तिचे हात, पाय, पाठ पाहिली. नवा डाग नव्हता. मग त्या बंद दाराशी जाऊन बसल्या. बऱ्याच वेळाने आतून आई बोलली.

"चार दिस झालं सूप लावून. काढलंच नाय."

"आणि पोरगी?"

"जेवायला येते, खाऊन परत जाते तिकडं. झोपली की उचलून आणते. झोपेत काय मागत नाय ती." मग म्हणाली, "हात माझेच हायत, ताई. सूप बघायला कोण नाय."

हंगाम संपेपर्यंत मायलेकींनी ताईंच्या बहिणीकडे, मोखाड्याजवळ राहायचं ठरलं. सुपाला ताईंनी हात लावला नाही. आई बाहेर आली, तिने ते काढलं, काखेत घेतलं.

उतारावर मुलगी वळली. "मावशी, जाते गं," म्हणाली आणि थांबून राहिली. तिची मान हलली, तेव्हा आम्ही निघालो.

"तिथं समोर कोण राहतं?" आईने विचारलं.

"बहिणीची जाऊबाई. ती कुठे जात नाही," ताई म्हणाल्या.

आईने तेच पुन्हा दोनदा विचारलं.