बांध सोडून मोजा

"मॅडम, तुम्हाला रस्त्याचं एवढं काय पडलंय?" साहेबांनी नकाशा माझ्याकडे सरकवला. "रुंदी नियमात आहे, ओपन स्पेस सोडलीय. मंजूर करून टाका."

"सर, एकही रस्ता शेजारच्या लेआऊटला मिळत नाही. सगळे बांधापाशी संपतात."

"मग संपू द्या."

लेआऊट म्हणजे शेतात प्लॉट पाडायचा नकाशा. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी धुळ्यात, जळगावात, अगदी दोंडाईच्यालाही गावाबाहेरची कपाशीची शेतं एकामागून एक एन.ए., म्हणजे बिनशेती होत होती. जो तो मालक आपल्यापुरते रस्ते आखायचा. जुन्या गावातले बोळ अरुंद, पण कुठे तरी निघायचे. नव्या वस्तीतले रस्ते ऐसपैस, आणि मागच्या घरी जायचं तर हायवेवरून वळसा. नगररचना कार्यालयात हेच बघायचं माझं काम होतं.

हा नकाशा नानांचा होता. शेजारचा, आधीच मंजूर झालेला लेआऊट त्यांच्या थोरल्या भावाचा, आबांचा. धुळ्यात मी आबांकडेच खोली घेऊन राहायची. नवरा नागपूरला नोकरीला. आजूबाजूचे प्लॉट रिकामे, संध्याकाळी बोलायला माणूस नाही. फार एकटं वाटायचं. मग आबांच्या पत्नी, अक्का, पायरीवर येऊन बसायच्या. त्याही तशा एकट्याच. नानांची बायको त्यांची सख्खी धाकटी बहीण. दोघी बहिणी दोघा भावांना दिलेल्या. वाटणीत विहिरीवरून भावांचं फाटलं, बांध ओलांडायला दोन्ही घरांत मनाई झाली आणि बहिणींचं येणंजाणं बंद झालं. घरं बांधाच्या दोन बाजूंना, एकीचं वाळत घातलेलं धुणं दुसरीला दिसावं इतकी जवळ.

रस्त्याचं मी अक्कांना सांगितलं. त्या विचार करून म्हणाल्या, "बाई, रस्ता व्हयना म्हंजे तो सरकारना शे ना? मंग तठून जावाले कोन ना म्हनी?"

सरकारी रस्त्यावरून बहिणीकडे जायला कोण अडवणार, हे ऐकलं तेव्हापासून मी हट्टालाच पेटले. नानांना ऑफिसात बोलावलं.

"भाऊना रस्ताले मी मना रस्ता जोडू?" नाना म्हणाले. "जमाव नही."

"नाना, बंद गल्लीतले प्लॉट मागे पडतात. आरपार रस्त्यावरचे आधी जातात."

नानांनी टोपी काढून डोकं खाजवलं. काही दिवसांनी सुधारित नकाशा आला. रस्ता बरोबर आबांच्या रस्त्यासमोर होता. साहेबांनी सही केली. त्या दिवशी अक्कांनी मला शेवभाजी करून खाऊ घातली.

आखणी झाल्यावर मी साइटवर गेले. अक्का पदर खोचून मागोमाग आल्या. इकडे आबांचा रस्ता, तिकडे नानांच्या रस्त्याच्या चुन्याच्या रेषा, आणि मधे बांध, बाभळींसकट जसाच्या तसा.

"हा का सोडला?" मी सर्व्हेयरला विचारलं.

"नाना म्हणाले, बांध सोडून मोजा. आबांनीही तेच सांगितलेलं. बांध कोणी विकतं का, मॅडम?"

खरंच, शेत विकलं तरी बांधाला कोणी हात लावत नाही. अर्धा बांध आबांचा, अर्धा नानांचा, आणि तो दोन्ही लेआऊटच्या बाहेर. म्हणजे कायद्याने तो रस्ता नव्हताच, शेत होतं. रस्ता पुढे न्यायचा तर दोघा भावांच्या सह्या हव्यात.

आबा म्हणाले, "पहिले त्याले करू द्या." नाना म्हणाले, "पहिले त्यानी करानी." साहेब म्हणाले, "आता भाऊबंदकीही आपलंच खातं मिटवणार का?"

हे सांगायला मी अक्कांकडे गेले. त्यांनीच माझी समजूत काढली. "ऱ्हाऊ द्या बाई. तुमना नकाशामा तर भेटनूत आम्ही."

पुढे माझी जळगावला बदली झाली. नंतर कधी तरी कळलं, अक्कांची धाकटी बहीण आजारी पडून गेली. अक्का रिक्षाने, हायवेवरून वळसा घालून पोचल्या. तोवर तिला बाहेर आणून ठेवलं होतं.

धुळ्याच्या नकाशावर तो रस्ता अजून आरपार आहे. आता माझ्यासमोर लेआऊट आला की मी नकाशाची घडी घालून ठेवते आणि आधी बांधावर जाऊन उभी राहते.