शिवणयंत्रावर गुंडाळलेली तार

माझ्या माहेरी सगळी मोजणी विसांत चाले. वीस झाले की एक चिंचोका बाजूला ठेवायचा आणि पुन्हा एकपासून सुरुवात. लग्न होऊन धुळ्याला आले तेव्हा सासरी याची फार थट्टा झाली. सासरे, म्हणजे आबा, आग्रा रोडवर गाड्यांच्या वायरिंगचं दुकान चालवत. पुढे दुकान, मागे आमचं बिऱ्हाड. भाकरी किती झाल्या विचारलं आणि मी "एक वीस आणि चार" म्हटलं की आबा हसायचे. "सूनबाई, आकडे शंभरापर्यंत असतात हो!" मी चौथी पास होते, आकडे मलाही येत होते. पण राग आला की मी मुद्दाम विसांतच मोजायचे.

माहेर साक्रीच्या पलीकडे, डोंगरात. तिथेच दिलेली माझी अक्का तेव्हा नवव्या महिन्यात होती. तिचं आधीचं मूल बैलगाडीत, अर्ध्या वाटेवरच गेलं होतं. आता तिकडच्या सरकारी दवाखान्याला जीप मिळाली होती, तेवढाच धीर. एका सकाळी तीच जीप आमच्या दारात येऊन उभी राहिली. ड्रायव्हर माझ्याच गावचे. त्यांना आम्ही नाना म्हणायचो.

"आबा, दिवा गयात," नाना म्हणाले. "आते डॉक्टरनी सांगेल शे, दिन बुडना का गाडी काढानी नही."

अक्काला कळा काय दिवस-रात्र बघून येणार होत्या?

घाटातली वळणं दिसावीत म्हणून पंधरवड्यापूर्वी आबांनीच त्या जीपला पुढे दोन जादा दिवे लावून दिले होते. पण दोन्ही दिव्यांचा सगळा करंट एवढ्याशा स्विचमधून नेलेला. तो तापून वितळला होता. आबांनी दुसऱ्या कुणाला बोल लावला नाही. "चूक माझी," म्हणाले. "रिले टाकायला हवा होता."

रिले म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं. एक छोटी डबी, आत केसासारख्या तारेचं वेटोळं. स्विच लावला की वेटोळ्यात जरासा करंट जातो, तेवढ्यानं ते लोहचुंबक होतं आणि लोखंडाची एक पट्टी खाली ओढतं. पट्टी टेकली की बॅटरीचा मोठा करंट जाड तारेतून थेट दिव्यांना. "स्विचनं नुसतं सांगायचं," आबा म्हणाले, "ओझं हा उचलतो."

दुकानात एकच रिले होता, मोडीत निघालेल्या ट्रकचा, आणि त्याचंही वेटोळं जळलेलं. नवा मुंबईहून यायला आठ दिवस लागणार. तसली बारीक नवी तार दुकानात होती. वेटोळं पुन्हा गुंडाळता येतं, पण जुन्याचे जितके वेढे निघतील तितकेच घालावे लागतात. आबांचे हात तेव्हा कापायला लागले होते, आणि ह्यांना गिऱ्हाइकं एक मिनिट बसू देत नव्हती.

"मी मोजते," मी दुकानाच्या उंबऱ्यातून म्हटलं.

"एकदा उलगडलं की परत मोजता येत नाही, सूनबाई."

"नाही चुकणार."

मी चिंचोके घेऊन बसले. या वेळी कुणी हसलं नाही. जळकी तार मध्येमध्ये तुटायची, मी टोक शोधून पुढे जायचे. शेवटी एकोणचाळीस चिंचोके झाले आणि वर सात वेढे.

मग माझं शिवणयंत्र बाहेर आलं. ते मी माहेरहून आणलेलं, कुणाला हात लावू देत नसे. त्याच्या बॉबिन भरायच्या चाकावर आबांनी बाभळीची खुंटी तासून बसवली, खुंटीवर वेटोळ्याचं रिकामं रीळ. मी खुंटीला कुंकवाचा ठिपका लावला. ठिपका वर आला की एक.

पहिल्यांदा माती खाल्ली. दोरा घालतो तशी तार मी मशीनच्या ताणाच्या चकत्यांमधून घातली. गुंडाळून जोडली तर भस्सकन धूर! आबांनी भिंगातून पाहिलं. चकत्यांनी तारेवरचा करंट अडवणारा लेप खरवडला होता आणि उघडे वेढे एकमेकांना चिकटले होते. मला रडू फुटलं. नाना सारखे उन्हाकडे बघत होते.

दुसऱ्यांदा मी तार जुन्या मलमलीच्या घडीतून, दोन बोटांच्या चिमटीतून सोडली. कच्च्या सुताला धरावं तशी, ना सैल ना ताठ. पुन्हा एकोणचाळीस विसा आणि सात.

ह्यांनी जोडणी केली, नानांनी नवा स्विच लावला. बॉनेटखाली टक असा आवाज झाला आणि भर दुपारी समोरच्या भिंतीवर दोन पिवळे गोल उमटले. मी बघतच राहिले. माझ्या चिमटीतून गेलेली ती तार, फुंकरीनं उडेल अशी, आणि तिच्या एका ओढीनं एवढा उजेड! नानांना मी तीन वेळा स्विच बंद करून लावायला लावला. प्रत्येक वेळी टक, प्रत्येक वेळी अंगावर काटा.

पाचव्या दिवशी पहाटे जीप दारात आली. उजाडलं होतं तरी नाना दिवे बंद करायचे विसरले होते. मागे अक्का आडवी, कळा सुरू. मी आणि आबा तसेच तिच्याबरोबर मोठ्या दवाखान्यात गेलो. वाटेत तिनं माझा हात धरला. "माय वं, जनमभर हाई वाटवर चालनू, पन रातले ती कशी दिखस ते आज दिखनं. बठ्ठा झाडं दिखनात, एकूणएक."

मी हो म्हटलं. तार कुणी गुंडाळली ते काही माझ्या तोंडून निघालं नाही. निघालं असतं तर मी रडले असते.

दुपारी अक्काला मुलगी झाली, धडधाकट. नर्स ते सांगायला व्हरांड्यात आली, तर आबा तिलाच जीपच्या दिव्यांची हकिकत सांगायला लागले, चार लोक वळून बघतील एवढ्या मोठ्यानं.

"आमच्या सूनबाईनं गुंडाळली ती तार," आबा म्हणाले. "एकोणचाळीस विसा आणि सात!"