ओळंब्याची कललेली गाडी

ओळंब्याला जगात दोन गोष्टींचा मनापासून तिटकारा होता. एक, कललेली वस्तू. दुसरा, त्याचा साडू. यातली कललेली वस्तू निदान सरळ तरी करता येते, असं तो कुणी न विचारताही सांगायचा.

ओळंबा, म्हणजे भिंत सरळ आहे का ते बघायचा गवंड्याचा दोरीला बांधलेला लंबक, हे अर्थातच त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. गाड्यांची चाकं, शॉकॲब्सॉर्बर आणि पोटाखालचा सगळा सांगाडा ठीकठाक करण्याचं गॅरेज तो अठ्ठावीस वर्षं चालवत होता. या काळात त्याची नजर इतकी बिघडली होती की, दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत आ वासून पडलेला असतानाही तो हातवारे करून, भिंतीवरचं घड्याळ डावीकडे कललंय, हे डॉक्टरला सांगायचा. शेजाऱ्याने हौसेने नवं फाटक बसवलं तेव्हा हा अभिनंदन करायला गेला आणि खिशातून सपाटी तपासायची पाणपातळी काढली. त्या शेजाऱ्याने त्यानंतर ते फाटक ओळंब्यासाठी कधी उघडलं नाही.

गिऱ्हाइकांशी बोलण्याची त्याची एक खास तऱ्हा होती. "ही गाडी विकत घेतली, की कुणी सूड उगवला तुमच्यावर?" हे स्वागत. "चालवता की फरफटवता?" ही चौकशी. आणि "आता पुन्हा तोंड दाखवू नका," हा निरोप. त्याचा हात मात्र असा होता की निरोप घेऊन गेलेले लोक दोन वर्षांनी दुसरी गाडी घेऊन हजर व्हायचे आणि मुकाट्याने पहिल्यापासून सगळं ऐकून घ्यायचे.

गॅरेजच्या भिंतीवर त्याने लाल रंगात एकच वाक्य रंगवून घेतलं होतं: चाकं जमिनीवर, वजन गाडीत, मगच पाना. गाडी लिफ्टवर चढवली की चाकं खाली लोंबतात. तशा अवस्थेत सांध्यांतल्या रबरी बुशांचे बोल्ट आवळले, तर गाडी खाली उतरल्याबरोबर आतलं रबर पिळवटून बसतं. मग गाडी वाकडी उभी राहते, प्रत्येक खड्ड्यात कुरकुरते आणि रबर लवकरच फाटतं. म्हणून शेवटचा पाना फिरवायचा तो गाडी जमिनीवर उतरवून, खालच्या खड्ड्यात शिरून, आणि आत माणसं बसल्यासारखं वजन ठेवून. त्यासाठी वाळूची दोन पोती गॅरेजच्या कोपऱ्यात कायम ठेवलेली असत. हे न करणाऱ्या मेकॅनिकला ओळंबा खाटीक म्हणायचा, आणि तेही खाटकाची माफी मागून.

हे प्रवचन ज्याने ऐकलं नाही असा नातेवाईक शोधून सापडला नसता. सगळ्यांत जास्त वेळा ते ऐकलं होतं साडूने. धाकट्या मेव्हणीचं लग्न ठरलं आणि होणारा नवरा पहिल्यांदा घरी जेवायला आला, तेव्हा ओळंब्याने पाण्याच्या पेल्यापासून हात धुवेपर्यंत त्याला बुश समजावून सांगितलं होतं. टेबलावर चमचे मांडून त्याचा नकाशाही काढला होता. पुढची वीस वर्षं, जिथे म्हणून दोन साडू एका पंगतीत सापडले, तिथे चमचे बाहेर आले.

साडू हा सरकारी वाहन तपासणी केंद्रात तपासनीस. पोट पुढे, पेन खिशात आणि चेहऱ्यावर कायम कुणाची तरी फाइल अपुरी असल्याचा आनंद. गावातले मेकॅनिक त्याला शिक्का म्हणत. लाच खात नाही याचा त्याला एवढा अभिमान होता की प्रामाणिक माणसं त्याच्यापुढे गुन्हेगारासारखी उभी राहत.

"काय साडूभाऊ," तो जेवताना विचारायचा, "तुमची ती गाडी अजून चालते, की तुम्ही उतरून ढकलता?"

"तुम्ही बसलात तर ढकलावी लागेल," ओळंबा म्हणायचा. मग दोघी बहिणी एकदम मोठ्याने भाजीच्या चवीबद्दल बोलायला लागायच्या.

ती गाडी म्हणजे एकोणीस वर्षांची छोटी हॅचबॅक. एके काळी लाल होती. आता तिचा रंग विचारला तर ओळंबा "जुना" म्हणून सांगायचा. त्याने स्वतःच्या नावावर घेतलेली ती पहिली आणि शेवटची गाडी. लोकांच्या गाड्या सरळ करता करता स्वतःच्या गाडीकडे बघायला त्याला सवड झाली नव्हती. वळणावर ती झोप आलेल्या माणसासारखी एका अंगावर जायची, आणि आत बसलेली बायको सवयीने दुसऱ्या अंगावर जायची.

तेवढ्यात नियम आला: जुन्या गाड्यांची तपासणी, नापास झाली तर तीस दिवसांत दुरुस्ती, पुन्हा नापास तर थेट भंगार. ओळंब्याची गाडी केंद्रात गेली आणि साडूने ती स्वतः चालवायला घेतली. दुसऱ्या तपासनिसाला दिली असती तरी चाललं असतं. पण नात्यातल्या माणसाला सवलत दिली असं कुणी म्हणू नये, म्हणून या गृहस्थाने नात्यातल्या माणसाला मुद्दाम आपल्याच तावडीत घेतलं. नारिंगी शंकूंमधून नागमोडी फिरवून तो उतरला आणि कागदावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'वळणावर अति झुकते. नापास.'

झुकते! ओळंब्याची गाडी, कललेली, आणि तेही लेखी!

इथवर एक वेळ सहन झालं असतं. पण त्याच आठवड्यात साडू गॅरेजच्या दारात उगवला. ओळंबा तेव्हा लढाईच्या ऐन मध्यावर होता. त्याने भंगारवाल्याकडून त्याच गाडीच्या जोरदार इंजिनवाल्या भावंडाचा स्वे बार मिळवला होता. स्वे बार म्हणजे मागच्या दोन चाकांना जोडणारी, वाकवलेली पोलादी कांब. वळणावर गाडी एका बाजूला झुकायला लागली की ही कांब पिळली जाते आणि त्या झुकण्याला विरोध करते. पुढे बॉनेटखाली त्याने जाड नळीचा स्ट्रट ब्रेस स्वतः घडवून बसवला होता, म्हणजे डाव्या-उजव्या शॉकॲब्सॉर्बरचे माथे एकमेकांना जखडून राहतात आणि वळताना गाडीचं नाक सैल पडत नाही. गाडी लिफ्टवर होती. मागची चाकं धरून ठेवणारे आर्म पुन्हा जोडून झाले होते, बोल्ट हाताने नुसते बसवलेले होते. आता गाडी खाली घ्यायची, पोती ठेवायची आणि आवळायचे.

"साडूभाऊ, कशाला जिवाचा आटापिटा?" दारातून आवाज आला. साडूने बोटावर किल्ली फिरवली. "मी नवीन गाडी घेतोय. माझी जुनी घेऊन जा. बिचारी ताई किती दिवस त्या खटाऱ्यात बसणार?"

ओळंब्याच्या बायकोने, म्हणजे साडूच्या त्या ताईने, डबा द्यायला म्हणून तिथे पाऊल ठेवलं होतं. तिने किल्लीकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

"अहो, नापास झाली तर घेऊ या की," ती म्हणाली. "त्यांच्या गाडीत थंड हवा येते."

"त्यांच्या गाडीत गरम हवाच येते! ते स्वतः सोडतात!"

"हे बघा, मी ठेवून घेते किल्ली. असू दे." आणि तिने खरंच ती पर्समध्ये टाकली.

साडू गेला, जाताना "भंगारवाल्याला निरोप देऊन ठेवतो" म्हणून गेला. बायको गेली. ओळंब्याच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं: आपण साडूच्या उतरलेल्या गाडीतून साडूकडेच जेवायला जातोय, आणि तो दारात उभा राहून विचारतोय, कशी चालतेय माझी गाडी? त्याने लांब दांड्याचा पाना उचलला. दात-ओठ खात, एकेका बोल्टला साडूचं एकेक विशेषण देत, त्याने आठही बोल्ट करकचून आवळले. विशेषणं संपली तेव्हा बोल्टही संपले होते, आणि गाडी अजून लिफ्टवरच होती. वाळूची पोती कोपऱ्यात बसून हे सगळं बघत होती.

एकोणतिसाव्या दिवशी दुपारी बारा वाजता तो केंद्रावर पोचला. बायको सोबत होती, पर्ससकट.

साडूने गाडी शंकूंमध्ये घातली. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे. गाडी रुळावरून गेल्यासारखी सपाट गेली. शेवटचं वळण साडूने मुद्दाम जोरात घेतलं, इतकं जोरात की तो स्वतः दारावर आपटला. गाडी कलली नाही. ओळंब्याने शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी रिक्षावाल्याला कोपर मारलं. "बघितलंत? माणूस कलला. गाडी नाही!"

मग गतिरोधक आला.

कुईईं.

पुढची चाकं गेली तेव्हा काही नव्हतं. मागची गेली आणि एखाद्या कुत्र्याच्या शेपटीवर पाय पडावा तसा आवाज अख्ख्या आवारात घुमला. साडू थांबला. मागे आला. पुन्हा गेला. कुईईं. तो शांतपणे उतरला, गाडीच्या मागे उकिडवा बसला आणि मोजपट्टीने दोन्ही चाकांवरची मोकळी जागा मोजली. डावीकडे दोन बोटं जास्त होती.

एवढं अंतर ओळंब्याला दहा फुटांवरून दिसायला हवं होतं. गेले तीन आठवडे तो याच गाडीतून फिरत होता, खिडकीतून बाहेर, साडूच्या घराच्या दिशेने रागाने बघत.

साडू उठला. त्याच्या चेहऱ्यावर वीस वर्षं वाट पाहिलेल्या माणसाचं समाधान पसरलं. त्याने खिशातलं पेन काढलं, ते हवेत चमच्यासारखं आडवं धरलं आणि ओळंब्याच्याच आवाजात, ओळंब्याच्याच चालीवर म्हणाला, "चाकं जमिनीवर. वजन गाडीत. मगच पाना." मग स्वतःच्या आवाजात म्हणाला, "खाटीक म्हणतात ना तुमच्यात अशा माणसाला?"

ओळंब्याने स्वतः वाकून ती दोन बोटं पुन्हा मोजली. बायकोने पर्सची चेन उघडली.

"तो फलक वाचा," साडू भिंतीकडे पेन दाखवत म्हणाला. "कार्यालय बंद होईपर्यंत किरकोळ दुरुस्ती आवारात करता येते. नियम आहे म्हणून सांगतो, तुमच्यावर माया आहे म्हणून नाही. आज शनिवार, एकला बंद होतं. आता बारा पस्तीस."

ओळंब्याने गाडी तपासणीच्या खड्ड्यावर घेतली, डिकीतून पाने काढले आणि खाली उडी मारली. मग त्याचं डोकं पुन्हा वर आलं. वाळूची पोती गॅरेजात होती. त्याने आवारात नजर फिरवली. रिक्षावाला काडीपैलवान. बायको, साडूची किल्ली पर्समध्ये घेऊन, मदतीला कशाला येईल! मग नजर साडूच्या पोटावर येऊन थांबली. ती तिथे बराच वेळ राहिली.

"काय बघताय?"

"मागच्या सीटवर बसा."

"मी? मी तपासनीस आहे!"

"म्हणूनच. नियमाप्रमाणे वजन पाहिजे, आणि अख्ख्या कार्यालयात तेवढं तुमच्याकडेच आहे. बसा. मधोमध! डावीकडे नाही, मधोमध!"

बायको म्हणाली, "बसा हो भाऊजी. एकदाचं मिटू द्या."

शिक्का मागच्या सीटवर मधोमध बसला. गुडघे छातीशी, टोपी छताला. खालून बोल्ट सैल झाला आणि पिळवटलेलं रबर सुटलं. गाडीने सुस्कारा टाकला आणि दोन बोटं खाली बसली.

"हलू नका!" खड्ड्यातून आवाज आला.

"श्वास घेतोय मी!"

"तो वरवर घ्या! पोटातून घेतलात की इकडे आठ मिलिमीटरचा फरक पडतो!"

"साडूभाऊ, शिक्का माझ्या खिशात आहे, लक्षात ठेवा."

"आणि पाना माझ्या हातात आहे. तुमच्या बरोबर खाली."

आठही बोल्ट आवळले गेले, या वेळी विशेषणं न लावता. ती सगळी तोंडावरच देता येत होती. बारा पंचावन्नला साडूने गाडी पुन्हा गतिरोधकावरून नेली. पुढे, मागे, परत पुढे. आवाज नाही. मग त्याने बॉनेट उघडलं, स्ट्रट ब्रेस हाताने हलवून पाहिला, टायर पाहिले, हॉर्न वाजवला, मागच्या नंबरप्लेटवरची धूळ बोटाने पुसली. नापास करायला काहीही सापडेना तेव्हा त्याने इतक्या जोरात शिक्का मारला की टेबल कललं.

"टेबलाचा उजवा पाय आखूड आहे," ओळंबा म्हणाला.

"निघा."

ओळंब्याने बायकोपुढे हात पसरला. तिने एक लांब उसासा टाकला, बहुधा थंड हवेसाठी, आणि पर्समधून किल्ली काढून दिली. त्याने ती टेबलावर, साडूच्या नाकासमोर, काठाला अगदी समांतर ठेवली.

साडूने किल्ली उचलली, पण खिशात टाकली नाही. "माझ्या गाडीचं," तो खिडकीकडे बघत पुटपुटला, "मागून तसंच काहीसं कुई येतं. सहा महिने झाले. त्या मोठ्या गॅरेजवाल्याने लिफ्टवरच आवळले असणार."

"आणि हा खटारा माझ्या गळ्यात मारत होतात?"

"फुकट देत होतो."

ओळंब्याने प्रमाणपत्राची घडी घातली, कोपऱ्याला कोपरा जुळला की नाही ते पाहिलं, आणि दारात जाऊन वळला.

"सोमवारी आणा. ड्रायव्हरबरोबर पाठवू नका. स्वतः या," तो म्हणाला. "वाळूची पोती मी आता फेकून देणार आहे."