पृथ्वीबाईंचा तास

भूगोलाच्या बाईंना सगळी शाळा पृथ्वीबाई म्हणायची. पृथ्वीचा गोल काखेत मारल्याशिवाय त्या वर्गात पाऊलच टाकत नसत. गोलावर टॉर्चचा उजेड पाडून दिवस-रात्र शिकवण्यात त्यांची हयात गेली. स्वतः मात्र गाव सोडून त्या फारशा कुठे गेल्या नव्हत्या.

मग शाळेत व्हिडिओवरून परदेशातल्या एका वर्गाशी जोडलेला तास ठरला. दोन्हीकडच्या मुलांना बाईंनी एकच धडा शिकवायचा, तोही इंग्रजीतून. हेडसरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, "अडखळलात तर पुढच्या वेळेपासून इंग्रजीचे सर शिकवतील. तुम्ही नुसता गोल धरा."

हे बाईंच्या जिव्हारी लागलं. रोज संध्याकाळी त्या नवऱ्याला परदेशी वर्ग समजून समोर बसवू लागल्या. तो बिचारा भाजी निवडता निवडता हात वर करून विचारायचा, "मॅडम, चहा कधी?"

ठरलेल्या दुपारी पडदा उजळला. पलीकडे लोकरी टोप्या घातलेली पोरं बसली होती. बाईंनी पाठ केलेलं इंग्रजी खणखणीत म्हणून दाखवलं: सगळ्यांनी मैदानात जा, काठी रोवा, सावली मोजा. इकडची पोरं धूम पळाली. तिकडे कोणी जागचं हलेना. शेवटी एक चिमुरडी हळूच म्हणाली, "मॅडम, इथे अजून सूर्य उगवला नाही."

बाईंचं तोंड एवढंसं झालं. जन्मभर जे शिकवलं, इंग्रजीच्या धास्तीत नेमकं तेच विसरल्या! पाठ केलेली वाक्यं कुठल्या कुठे पळाली. मागे हेडसर खाकरले.

बाईंना दोनच शब्द सुचले. "विंडो. प्लीज."

तिकडच्या शिक्षिकेने कॅमेरा खिडकीकडे वळवला. बाहेर निळसर काळोख होता, ओली छपरं होती. मैदानातून परतलेली पोरं काठ्या विसरून पडद्यापुढे बसली. काळोख हळूहळू पातळ झाला. छपरांवर एक नारिंगी रेघ उमटली, मग अलगद सूर्य वर आला. इकडे मैदानात उन्हं कलत होती. सगळे मिळून एकाच संथ फिरणाऱ्या पाळण्यात बसलो आहोत, असं बाईंना वाटलं. त्यांच्या डोळ्यांना धार लागली. टॉर्चचा सूर्य त्यांनी जन्मभर उगववला होता, पण दुसऱ्यांच्या खिडकीतला खरा सूर्य त्या आज प्रथमच पाहत होत्या.

डोळे पुसायला हात हवे होते. "सर, जरा धरा," म्हणत त्यांनी गोल शेजारी तयारीत उभ्या असलेल्या इंग्रजीच्या सरांकडे दिला, आणि तसाच राहू दिला. मग मोडक्यातोडक्या इंग्रजीत, हातवारे करत, स्वतःभोवती गिरक्या घेत त्या बोलत सुटल्या. दोन्हीकडची पोरं जागच्या जागी गिरक्या घेऊ लागली.

तास संपला तरी सर गोल धरून उभेच होते. हेडसर त्यांच्याजवळ आले नि म्हणाले, "पुढच्या वेळीही तुम्हीच धरा."