सकाळची सूज

माझ्या भाचीला आमच्या गल्लीत खिडकी म्हणतात. स्टेशनवर चौकशीची खिडकी असते, तिथे लोक जाऊन प्रश्न विचारतात. आमची खिडकी उफराटी, हीच समोरच्याला प्रश्न विचारते. मी कपडे अल्टर करते. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत संसार. संसार म्हणजे मी, आणि नर्सिंगला ॲडमिशन मिळाल्यापासून ही. गिऱ्हाईक पँटची उंची कमी करायला आलं की हिने पायांकडे बघून सुरू केलंच: "काका, डावा बूट जास्त झिजलाय. उजवा गुडघा दुखतो का?" मग काका बसतात, गुडघ्याची सगळी कहाणी सांगतात, आणि पँट तशीच काखेत धरून घरी जातात. धंद्याचं वाटोळं!

तिचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष होतं. महिनाअखेरपर्यंत प्रत्येकीने आपला विभाग सांगायचा होता. जिथे सराव करायचा तिथेच पुढे नोकरी लागते, त्यामुळे हा काही एका वर्षाचा प्रश्न नव्हता. माझं ठरलेलं होतं: ऑपरेशन थिएटर. थंडगार हवा, स्वच्छ कपडे, मान.

"आणि तिथे पेशंट बेशुद्ध असतो," मी म्हटलं. "निदान त्या बिचाऱ्याची तरी तुझ्या तोंडापासून सुटका."

"मावशी, तू कधी आत गेली आहेस का?"

"मी कशाला जाऊ? मला काय झालंय?"

"मग थंडगार हवा असते हे तुला कोणी सांगितलं?"

असं! सरळ हो म्हणेल तर शपथ. ती हॉस्पिटलभर फिरून प्रत्येकीला एकच विचारत होती, ड्युटी संपवून घरी जाताना तुमच्या डोक्यात काय असतं? थिएटरच्या सिस्टर म्हणाल्या, भाजी कुठली करायची ते. आयसीयूमधला ब्रदर म्हणाला, मशीनचा टीं टीं आवाज, जेवतानासुद्धा. लहान मुलांच्या वॉर्डातल्या सिस्टर डोळे पुसून निघून गेल्या. राहता राहिला घरभेटीचा विभाग. जिन्याखालची खोली, दोन सिस्टर, खांद्याला पिशव्या, दिवसभर दुसऱ्यांचे जिने चढायचे. तिकडे आपणहून कोणी जात नाही, ज्यांना कुठेच घेत नाहीत त्यांना पाठवतात, असं मी तिला ठणकावून सांगितलं. हेही मला कोणी सांगितलं नव्हतं, पण ते मी बोलले नाही.

त्याच दिवसांत ती ड्रेसिंगच्या खोलीत कामाला होती. तिथे एक आजोबा यायचे. घोट्याच्या वर जखम, हाताच्या तळव्याएवढी, भरायचं नाव नाही. पाय उंच ठेवा, पट्टी सैल करू नका, सगळं सांगून झालं होतं. आजोबा मान डोलावायचे आणि पुढच्या खेपेला जखम जशीच्या तशी. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, महिनाभर बघू, नाही भरली तर दाखल होऊन मांडीची कातडी काढून लावावी लागेल. तर इतका गरीब स्वभावाचा माणूस एकदम ओरडला, "मी दाखल होणार नाही! पाय गेला तरी चालेल!" सगळे चिडले. म्हातारा हट्टी आहे, पथ्य पाळत नाही, असं ठरून गेलं.

घरी येऊन आमच्या बाईसाहेब घास हातात धरून बसल्या.

"मावशी, रात्रभर झोपून उठलं की पायाची सूज उतरते. हो ना?"

"मला काय माहीत!"

"उतरते. संध्याकाळी जास्त असते, सकाळी कमी. आजोबांचा नंबर सकाळी पहिला असतो आणि तेव्हाच पाय टम्म फुगलेला. का?"

"जेव आधी."

जेवली, पण 'का' काही गिळला गेला नाही. दुसऱ्या दिवशी आजोबांनाच विचारलं तर त्यांनी विषय बदलला. मग ती जिन्याखालच्या खोलीत गेली आणि तिथल्या मोठ्या सिस्टरना म्हणाली, मला यांचं घर बघायचंय. सिस्टर म्हणाल्या, रविवारी जा, मी त्यांना कळवते, पण एकटी जाऊ नकोस. झालं! रविवारची माझी झोप गेली. अनोळखी घरात पोरीला एकटी सोडेन तर मी मावशी कसली? जाताना वाटभर मी तोंडाचा पट्टा चालू ठेवला आणि तिने एक अक्षर ऐकलं नाही.

आजोबांचं घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर. दार त्यांनीच उघडलं, पण आधी काहीतरी सरकवल्याचा आवाज आला. आत गेलो तर दाराला लागूनच एक लाकडी खुर्ची. तिच्यावर उशी, पाठीला घडी घातलेली चादर. खाट पार पलीकडे, भिंतीला, अंथरुणाला सुरकुती नाही. आमची खिडकी खाटेकडे बघते, खुर्चीकडे बघते, पुन्हा खाटेकडे.

"आजोबा, तुम्ही रात्री इथे बसून झोपता?"

तेवढ्यात आतून त्यांच्या पत्नी आल्या. नीटनेटक्या, केस चापूनचोपून बांधलेले, हातात छत्री. "घंटा झाली," त्या म्हणाल्या, "मला उशीर होतोय." आणि दाराकडे निघाल्या.

"आज रविवार, सुट्टी आहे," आजोबा हळूच म्हणाले. बाईंनी छत्री खाली ठेवली, त्यांच्या शेजारी क्षणभर उभ्या राहिल्या आणि आत गेल्या.

मग आजोबांनी सांगितलं. बाईंनी जन्मभर शाळेत शिकवलं. आता काही लक्षात राहत नाही, शाळा तेवढी राहिली. दिवसा शेजारीण येऊन बसते. रात्री त्या उठतात आणि शाळेला निघतात. एकदा रस्त्यावर सापडल्या, अनवाणी. कुलूप लावून पाहिलं तर कोंडलं म्हणून दारावर डोकं आपटून घेतलं. दारात आजोबा दिसले की मात्र थांबतात, सुट्टी आहे म्हटलं की परत जातात. म्हणून खुर्ची.

"दाखल झालो तर हिला कुठल्यातरी संस्थेत ठेवतील," ते म्हणाले. "तिथे हिला सुट्टी आहे म्हणून कोण सांगणार?"

आल्यापासून मी त्या माणसाकडे हट्टी म्हणूनच बघत होते, आणि आता मान वर करायची सोय राहिली नाही. खिडकी मात्र रडली-बिडली नाही. ती दारापासून भिंतीपर्यंत वितीने मोजत होती.

"आजोबा, खुर्चीच का? खाट का नको?"

"म्हणजे?"

"खाटच दाराला लावू. तुम्ही आडवे, पाय उशीवर, आणि तरी दारातच. आजी आल्या की तुम्ही दिसणारच की!"

आजोबांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने भिंतीत नवीन दार पाडलं. खाट लोखंडी, हलता हलेना. माझ्या पिशवीत कापडाच्या जाड चिंध्या असतातच, त्या पायांखाली सरकवल्या आणि आम्ही दोघींनी ढकलत ढकलत खाट दाराशी आणली. छान बसली, दाराला अगदी चिकटून. मी पदराने घाम पुसला आणि तेव्हा कुठे लक्षात आलं.

"अगं ए शहाणे, आता आपण बाहेर कशा जाणार?"

दार आत उघडणारं, आणि खाट त्याला टेकलेली! आजोबा हसायला लागले. ते हसतात हे पाहून आतून बाई आल्या आणि त्याही हसायला लागल्या, कशाला ते न कळता. खाट परत ओढली, चिंध्या तिच्या पायांखाली तशाच ठेवल्या आणि बाहेर पडलो. आतल्या खोलीला मागच्या जिन्याकडे उघडणारं एक दार होतं, ते आजोबांना तेव्हा आठवलं; रोज संध्याकाळी शेजारणीने खाट पुढच्या दाराला लावायची, त्या मागच्या दाराने जायचं आणि ते बाहेरून ओढून घ्यायचं, असं ठरलं. त्या दाराकडे बाई कधी फिरकत नसत. रविवारी परत येऊन कसं चाललंय ते बघायचं आमच्याकडे लागलं.

मी चिंध्या भरून पायाखाली ठेवायला एक लांब उशी शिवली. पहिल्यांदा फार उंच झाली, आजोबा म्हणाले रक्त डोक्यात जातं. पुन्हा उसवून कमी केली. पुढच्या खेपेला आजोबा ड्रेसिंगला गेले तेव्हा सकाळची सूज निम्मी उतरली होती. त्यानंतर जखमेची कड गुलाबी व्हायला लागली. महिना संपता संपता डॉक्टर म्हणाले, दाखल व्हायची गरज नाही, पण हे झालं कसं? खिडकीने सांगितलं. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं, असं ती म्हणाली.

आणि विभाग? त्याबद्दल पोरीने चकार शब्द काढला नव्हता. सोमवारी सांगायचं होतं. रविवारी आम्ही आजोबांकडे गेलो. विचारलं तर आवडणार नाही असं उत्तर येणार, आणि न विचारावं तर राहवत नाही. मी उशीचा अभ्रा शिवत खाली बसले होते. आजोबा खाटेवर पडले होते. बाई आज खुशीत होत्या, खाटेच्या कडेला बसून त्यांनी खिडकीची हनुवटी धरली.

"तू वर्गात फार बडबड करतेस."

"हो बाई."

"मोठी झाल्यावर कोण होणार?"

"नर्स, बाई."

"नर्स होऊन काय करणार?"

खिडकीने माझ्याकडे पाहिलं नाही. "घरोघरी जाणार, बाई. माणसं घरी कशी राहतात ते बघणार."

जे मला महिनाभर सांगितलं नाही ते त्या बाईंना सांगून मोकळी झाली! मी बोलणारच होते. पण बाईंनी तिचा हात धरला, आजोबांकडे चोरून पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"मग आमच्याकडे नक्की ये हं. आमचे हे रात्रभर खुर्चीत बसून असतात. पाय सुजतात गं त्यांचे. मी रोज रात्री उठून बघते."

आजोबांनी तोंड भिंतीकडे वळवलं. त्यांचे खांदे हलत होते.

"येईन, बाई," खिडकी म्हणाली, आणि मग तीही रडली. मी तर आधीच रडत होते. ऑपरेशन थिएटरचं नाव मी पुन्हा काढलं नाही.