ओल्या केसांत फणी

माझे केस सरळ नाहीत आणि कुरळेही नाहीत. कपाळापाशी ते चापून बसतात, कानाच्या खाली वळायला लागतात आणि जरा हवा लागली की फुगतात. पुस्तकात अशा केसांना नागमोडी म्हणतात. शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या आमच्या गावात त्याला एकच शब्द होता, झिपरे.

शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाई रांगेतून फिरायच्या आणि माझ्यापाशी थांबायच्या. "काय गं, कडब्याची पेंढी डोक्यावर घेऊन आलीस का?" रांग हसायची. त्या बाईंनीच पुढे माझी फी भरली आणि विज्ञान घे म्हणून घरी येऊन वडिलांना समजावलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण तो कडबाही विसरलेले नाही.

माय रोज करडीचं तेल थापून, कोरड्या केसांत लाकडी फणी घालून खसाखसा ओढायची. मी डोकं काढून घेतलं की पाठीत धपाटा. "उभी ऱ्हा नीट! गुंता तसाच ठिवला तर जट होती."

जटीची भीती आमच्या घरात खरी होती, कारण जट आमच्या समोरच राहायची. समोरच्या खोलीतल्या म्हाताऱ्या आज्जीच्या पदराखाली, मानेवरून कमरेपर्यंत, दोरखंडासारखी. केस एकमेकांत गुंतून घट्ट झाले की देवीनं बोलावलं असं मानतात. मग ते विंचरायचे नाहीत, कापायचे नाहीत, त्यांना हळदकुंकू वाहायचं. आज्जीला लग्नानंतर दोन वर्षांत जट निघाली आणि नवऱ्यानं तिला माहेरी आणून सोडलं. मंगळवारी, शुक्रवारी ती जोगवा मागायची. बाया तिच्या पाया पडायच्या, पण पोरींना तिच्याजवळ बसू द्यायच्या नाहीत. एकीची दुसरीला लागते म्हणे.

मी नांदेडला शिकले आणि तिथल्याच एका शाळेत विज्ञान शिकवायला लागले. माझ्या आधी आमच्या घरात कोणी बारावीच्या पुढं गेलं नव्हतं. जुन्या नांदेडात एका शिंपीकाम करणाऱ्या कुटुंबाच्या माडीवर मी भाड्यानं राहते. त्या घरच्या सुनेला मी आपा म्हणते. तिचे केस अगदी माझ्यासारखे, पण ते कधी फुगलेले दिसायचे नाहीत. एकदा मी गच्चीवर फणी ओढत होते तर ती खालून ओरडली, "टीचर, सूखे बालां कू कंगवा नक्को मारो! झाडू बनाना क्या?"

ती मोबाईलवर बघून शिकली होती. मग आम्ही दोघी मिळून शिकलो. केस ओले असतानाच, कंडिशनर लावलेलं असताना, मोठ्या दातांच्या फणीनं टोकाकडून वर सोडवत जायचे. टॉवेलनं खसखसा पुसायचे नाहीत, जुन्या सुती कपड्यात गुंडाळायचे. जवस पाण्यात उकळून, गरम असतानाच गाळून घेतलं की त्याचा बुळबुळीत रस निघतो. तो हातावर घेऊन ओल्या केसांच्या बटा खालून वर मुठीत दाबायच्या. सुकताना बटा कडक होतात. पूर्ण सुकल्या की तेलाचं बोट लावून हलक्या हातानं पुन्हा दाबायच्या, म्हणजे तो कडकपणा मोडतो आणि खाली मऊ लाट उरते. बोअरच्या जड पाण्यानं केस जास्त फुगतात, म्हणून शेवटची घागर मी नळाच्या पाण्याची घ्यायला लागले.

जवस मायच पाठवायची, चटणीसाठी. मी ते केसाला लावते हे तिला सांगितलं नाही. खायची वस्तू.

पहिल्यांदा केस नीट बसले तेव्हा मी बराच वेळ आरशासमोर उभी राहिले. मग लाज वाटली. वह्या तपासायच्या पडल्या होत्या.

या जानेवारीत आमच्या गावच्या शाळेनं स्नेहसंमेलनात माझा सत्कार ठेवला. फुगलेलं डोकं घेऊन त्या मैदानावर परत उभं राहायचं नाही, एवढं मी मनाशी पक्कं केलं. आदल्या दिवशी जवस उकळायला ठेवलं आणि भाषण लिहीत बसले. रस उकळून उकळून खळीसारखा घट्ट झाला. नवा करायला जवस उरलं नव्हतं. सकाळी तोच लावला, वरून ओढणी बांधली आणि गाडीत बसले. लातूरला गाडी बदलली. गावात पोचेपर्यंत कार्यक्रम सुरू झाला होता. कडकपणा मोडायला वेळ मिळाला नाही. मंडपामागं ओढणी सोडली तेव्हा हाताला केस नाही, काड्या लागल्या. तशीच स्टेजवर गेले.

शाल, श्रीफळ झालं. मी माईकसमोर उभी राहिले. समोर पोरी बसल्या होत्या, त्यांच्यामागं बाया, आणि बायांमध्ये माय नव्या लुगड्यात. मी भाषण सुरू केलं. विज्ञान शिकलं की भीती जाते, असं पहिलंच वाक्य होतं.

बायांच्या कडेला एकटी बसलेली समोरची आज्जी उठली. मला वाटलं, ओवाळायला येते आहे. ती पायऱ्या चढून आली, माझ्या गालावरून हात फिरवला आणि तो हात केसांवर गेला. एक बट तिनं बोटांत धरली. मग दुसरी. तिचा चेहराच बदलला.

"आली गं बया," ती म्हणाली. "आली!"

कमरेच्या पिशवीतून हळदकुंकू काढून तिनं माझ्या केसांना लावलं आणि मला काही कळायच्या आत खाली वाकून माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

मागून दबक्या आवाजात आलं, "जट? मास्तरणीला?" मी मायकडं पाहिलं. तिच्या तोंडावर रक्त नव्हतं. माझं एक स्थळ बघणं चालू होतं आणि माझ्या मागं बहीण होती. ही गोष्ट मंडपाच्या बाहेर गेली की संपलं, हे मलाही कळत होतं.

"आज्जी, उठ. ही जट न्हाई," मी म्हणाले. माईक चालूच होता. "जवस हाय. उकळून लावलंय."

क्षणभर कोणाला कळलं नाही. मग पोरांच्या बाजूनं आवाज आला, "चटणी लावून आल्या का मॅडम?" आणि अख्खा मंडप हसला. पण बाया हसल्या नाहीत. पुढच्या रांगेतली एक मायला म्हणाली, "लपवायलीय गं लेक तुझी. असं बोलू नये, देवी कोपती."

आता बोलून भागणार नव्हतं. मी स्टेजवरून उतरले, शाळेच्या बोअरच्या टाकीपाशी गेले आणि नळाखाली डोकं धरलं. सगळं गाव मागं आलं. शाल भिजली, हळद गालावरून ओघळली. बटा हातात बुळबुळीत होऊन सुटायला लागल्या. शाळेतल्या एका मुलीनं दप्तरातली फणी दिली. मी खालून वर, खालून वर विंचरत सगळे केस मोकळे करून दाखवले.

"बघा," मी म्हणाले. "फणी फिरती का न्हाई?"

"फिरती, फिरती," मुख्याध्यापक घाईनं म्हणाले.

उन्हात, बोअरच्या त्या पाण्यानं, माझे केस बघता बघता फुगायला लागले. मागं कोणीतरी म्हातारं हसून म्हणालं, "तीच की ही! झिपरी!" ते मायेनंच म्हणालं असेल. जे लपवायला एवढा खटाटोप केला होता, ते डोकं मी स्वतःच्या हातानं गावाला दाखवलं. लाजेनं मान वर होईना. वर झाली तेव्हा आज्जी दिसली. हळदीची बोटं तशीच धरून ती गर्दीच्या मागं एकटी उभी होती. गाव तिलाही हसलं होतं.

घरी आल्यावर माय थेट चुलीकडं गेली. चहा ठेवताना एवढंच म्हणाली, "जवस खायाला धाडलं हुतं." मग तिला हसू फुटलं आणि त्यातच रडू आलं.

दिवेलागणीला आज्जी दारात आली. आत येत नव्हती. मायनंच पाट दिला. त्यावर बसून ती माझ्या केसांकडं बघायला लागली.

"पाणी घातलं की सुटले गं," ती म्हणाली.

"हाव आज्जी. नुसता रस हुता."

"माझा बी आधी एवढाच हुता." तिनं बोटाचं पेर दाखवलं. "एवढाच गुंता. बाळंतपणात दुखणं आलं, डोकं न्हाऊ घातलं न्हाई कुणी. मी म्हणलं, सोडवते. सासू म्हणली, हात लावू नको, देवी हाय." तिनं पदराखालची जट चाचपली. "त्या जवसानं जुनी सुटती का?"

खोटं सांगता येईना. "न्हाई. कापावी लागती. मी येते बरोबर, दवाखान्यात—"

"ऱ्हाऊ दे. आता कापून कुठं जायचंय मला." मग तिनं माझ्याजवळच्या फणीकडं बोट केलं. "ओल्या केसातच घालायची म्हणतीस?"

"ओल्याच. टोकाकडून."

"दे. तुझ्या केसात घालून बघू."

तिनं हात पुढं केला आणि माझं डोकं आपोआप मागं सरलं. अगदी थोडं. पण तिला दिसलं, आणि मायलाही. शाळेत मी पोरींना सांगते की जट लागत नसते, केस म्हणजे मेलेल्या पेशी. दुपारी माईकवर तेच सांगायला उभी होते. गावासमोर नळाखाली वाकताना वाटली नव्हती एवढी लाज मला त्या पाटासमोर वाटली.

आज्जीनं हात पदराखाली घेतला.

माय उठली. रांजणातून तांब्या भरून आणला आणि माझ्या डोक्यावर हळूहळू ओतला. मग फणी उचलून आज्जीच्या हातात दिली.

"नीट उभी ऱ्हा," मला म्हणाली, जरी मी बसलेली होते.

आज्जीनं टोकाकडून सुरुवात केली. एकही केस ओढला नाही.